पहिलं युकुलेले भेट देताना
भाचीला किंवा मित्राला पहिलं युकुलेले, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, द्यायचंय? २३ इंची 'कॉन्सर्ट' आकाराचं घ्या. २१ इंची सोप्रानोवर मोठ्या बोटांची दाटी होते. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र सोप्रानोच बरं. मोठ्या आकाराचं बॅरिटोन नको, त्याचं ट्यूनिंगच वेगळं. खेळण्यांच्या दुकानातलं कार्टूनवालं तर मुळीच नको, दिसतं गोड पण सुरात राहत नाही. घेण्याआधी एक तार मोकळी छेडा, मग तीच बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीपाशी) दाबून वाजवा. वरच्या सप्तकातला तोच सूर नेमका लागला पाहिजे. चारही तारांचं असंच बघा, दुकानदार कंटाळला तरी. सोबत क्लिप ट्यूनर, म्हणजे वाद्याला अडकवून सूर जुळला का ते दाखवणारं छोटं यंत्र, द्याच. नव्या नायलॉनच्या तारा सुरुवातीचे काही दिवस ताणल्या जाऊन सुरातून सारख्या उतरतात. वाद्य बिघडलेलं नाही, हे देतानाच सांगा.