पतंग शिकायचेत? आधी खुळखुळ्याजवळ बसा

पतंग या कीटकांचा अभ्यास कुठून सुरू करू, असं नाशिकमधली कॉलेजची मुलं विचारतात, तेव्हा मी पडदा-दिव्याचं, म्हणजे रात्री पांढरा पडदा लावून त्यावर दिवा सोडण्याचं, नावच काढत नाही. दिव्यावर पतंग ढिगाने येतात, फोटो निघतात, नावंही लागतात. पण पतंग अळी असताना काय खाऊन वाढला ते कळत नाही. त्यापेक्षा एक झाड धरा. माझं विचाराल तर खुळखुळा, म्हणजे क्रोटालारिया. पावसाळा सरत आला की शहराबाहेरच्या माळावर त्याची पिवळी फुलं दिसू लागतात. हिरवळीच्या खताचा ताग त्यातलाच, पण शेतकरी तो फुलावर येताच गाडतात. शेंगा बघायच्या तर बांधावर राहिलेली झाडं शोधा.

भोक पडलेली शेंग नखाने उकला. आत विष्ठेचा ओलसर भुसा, अर्धवट कुरतडलेलं बी आणि नशिबात असेल तर काळी-पांढरी केसाळ अळी. ही बहुधा आर्जिना अ‍ॅस्ट्रियाची. पतंग होतो नारिंगी, त्यावर काळे ठिपके.

गंमत अशी की हे झाड विषारी. त्यातल्या पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाच्या विषारी द्रव्यांनी जनावराचं यकृत निकामी होतं. १९७०च्या दशकात आताच्या छत्तीसगडमधल्या सरगुजा भागात गोंदली या बारीक भरडधान्यात याचं बी मिसळलं गेलं आणि माणसं दगावली. अळ्या मात्र तेच विष अंगात साठवतात. याच गोतावळ्यातल्या युटेथाइसा या पतंगाच्या अमेरिकी जातीवर कीटकशास्त्रज्ञ टॉमस आयस्नर यांनी काम केलं: जाळ्यात अडकलेला हा पतंग कोळी स्वतःच धागे तोडून सोडून देतो! मिलनाच्या वेळी नर मादीला विषाचा वाटा देतो, तो पुढे अंड्यांना पोचतो.

अळी पाळायला बरणी आणि तोंडाला मलमल पुरे. शेंगा रोज ताज्या, त्याच जातीच्या. उरलेल्या शेंगा शेळीपुढे टाकू नका, हात धुवा. नाशिकजवळच्या बोरगड-अंजनेरीच्या राखीव क्षेत्रातून वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही.

पोटापाण्याचं म्हणाल, तर ही अळी तागाच्या बियाण्याची कीड आहे, म्हणजे कृषी कीटकशास्त्राचा विषय. राहुरीच्या कृषी विद्यापीठात त्यात एम.एस्सी. करता येते, पण त्यासाठी सहसा बी.एस्सी. अ‍ॅग्री लागते. प्राणिशास्त्रवाल्यांनी हे बारावीनंतरच पाहून ठेवलेलं बरं. तिसऱ्या वर्षाला कळून उपयोग नसतो.