नवसागर विरघळताना पाणी किती गार होतं, ते घरी कसं मोजायचं

बारावीत एन्थाल्पी ऑफ सोल्युशन (म्हणजे एक मोल पदार्थ विरघळताना किती उष्णता घेतली किंवा सोडली जाते) पाठ करणारे खूप, पण एकदा स्वतः मोजून बघा, डोक्यात पक्कं बसतं. त्यासाठी नवसागर सगळ्यात बेस्ट, कल्हईवाले वापरतात तोच, म्हणजे अमोनियम क्लोराइड. (कॉस्टिक सोडा घरी अजिबात नको, पाणी भयंकर तापतं आणि कातडी भाजते. नवसागरही चुन्यापासून लांब ठेवा, अमोनिया सुटतो.)

थर्माकोलचे दोन कप एकात एक घाला, वर पुठ्ठ्याचं झाकण, त्याला थर्मामीटरपुरतं भोक. ताप बघायचा थर्मामीटर चालत नाही, तो खोलीचं तापमान दाखवतच नाही, किचनचा डिजिटल घ्या. कपात 100 मिली पाणी ओतून अर्धा तास तसंच ठेवा म्हणजे ते खोलीच्या तापमानाला येतं, मग आकडा लिहून घ्या. नवसागर 10 ग्रॅम, आणि खडा असेल तर आधी कुटून बारीक पूड करा, कारण खडा सावकाश विरघळतो आणि तेवढ्या वेळात बाहेरची उष्णता आत शिरून आकडा बिघडतो. पूड एकदम टाका, झाकण लावा, हलवत राहा आणि सगळ्यात खाली गेलेला आकडा टिपा.

समजा 28.0 वरून 22.2 वर आलं, म्हणजे 5.8 डिग्री. आता 110 × 4.18 × 5.8, साधारण 2667 ज्यूल. 4.18 म्हणजे एक ग्रॅम पाणी एक डिग्रीने बदलायला लागणारे ज्यूल. 110 कारण गार नुसतं पाणी नाही, अख्खं द्रावण होतंय, बरेच जण इथे 100 धरतात. नवसागराचा एक मोल (कण मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) साधारण 53.5 ग्रॅमचा, म्हणून 10 ग्रॅम म्हणजे 0.187 मोल, भागलं की मोलला 14.3 किलोज्यूल येतात. पुस्तकात 14.8 आहे, म्हणजे थर्माकोलच्या कपाला हे फारच छान! आणि चिन्ह प्लस बरं का, पाणी गार झालं म्हणून मायनस लिहू नका, विरघळणाऱ्या नवसागराने पाण्याकडून उष्णता घेतली म्हणून प्लस.

आता खरी गंमत, माझ्या मते या धड्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट. साध्या मिठाचं बघा, स्फटिकातले आयन (विद्युतभार असलेले कण) एकमेकांपासून तोडायला मोलला साधारण 787 किलोज्यूल लागतात आणि पाण्याचे रेणू त्या आयनांना वेढतात तेव्हा जवळपास तेवढेच, 783 च्या आसपास, परत मिळतात, आपल्याला दिसतो तो फक्त उरलेला चारेक किलोज्यूलचा फरक. नवसागरात हा फरक जास्त, आणि कॅल्शियम क्लोराइडमध्ये उलटं, तिथे परत मिळणारी ऊर्जा जास्त म्हणून पाणी तापतं. मग ऊर्जा खर्च होत असूनही मीठ विरघळतं का, तर आयन पाण्यात मोकळे पसरतात, एन्ट्रॉपी (म्हणजे कणांचा विस्कळीतपणा) वाढते, ती बाजू भारी पडते.

नवसागर झाला की 10 ग्रॅम मीठ घेऊन हेच करा, पण तिथे जेमतेम दीड डिग्रीचा फरक पडतो, तेव्हा 0.1 डिग्री दाखवणारा थर्मामीटर हवाच.