स्वयंचलित गेट बसवताय? वायरिंगच्या या चुका टाळा

नाशिकच्या गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागातल्या बंगल्यांना आता सरकत्या गेटची मोटर सर्रास दिसते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांची गेटं तर चांगलीच वजनदार असतात. काम दिवसभरात उरकतं, रिमोट दाबला की गेट चालतं आणि सगळे खूश होतात. पण गेट चाललं म्हणजे काम झालं असं नाही. मध्ये लहान मूल आलं तर ते थांबतं का, हे आधी बघायला हवं.

सगळ्यात घातक चूक फोटोसेलच्या, म्हणजे गेटच्या वाटेत किरण सोडून मध्ये कोणी आलं का ते ओळखणाऱ्या सेन्सरच्या बाबतीत होते. बऱ्याच कंट्रोल बोर्डांवर फोटोसेलच्या टर्मिनलला कारखान्यातूनच जंपर (दोन टर्मिनल थेट जोडणारा तारेचा तुकडा) लावलेला येतो. काही जण फोटोसेल खांबावर बसवतात, त्याचा लाल दिवाही लागतो, पण जंपर काढायचा राहून जातो. मग समोर कोण उभं आहे याचा बोर्डाला पत्ताच नसतो. फोटोसेलचा एनसी (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेला) कॉन्टॅक्टच वापरा. किरण अडला, वायर तुटली किंवा उंदराने कुरतडली, तर सर्किट उघडतं आणि गेट बंद व्हायचं थांबतं. एनओवर (नॉर्मली ओपन, म्हणजे एरवी उघडा) जोडून सेटिंग फिरवलं, तर तुटलेली वायर कधी कळणारच नाही. गेट बंद होत असताना मध्ये खोका धरून बघा, मगच कारागिराचे पैसे चुकते करा.

‘संध्याकाळी गेट बंदच होत नाही’ ही तक्रार असेल, तर बोर्ड बदलण्याआधी फोटोसेलचा रिसीव्हर (किरण घेणारा भाग) कुठे तोंड करून आहे ते बघा. उत्तर किंवा दक्षिणमुखी घरात किरण पूर्व-पश्चिम जातो. मावळतीचं ऊन थेट रिसीव्हरवर पडलं की तो आंधळा होतो. रिसीव्हर आणि ट्रान्समीटरची (किरण सोडणारा भाग) अदलाबदल करा. सकाळी तोच त्रास होऊ नये म्हणून रिसीव्हरवर छोटी टोपी बसवा.

२३० व्होल्टची वायर आणि सेन्सरची वायर एकाच पाइपातून ओढू नका. खोदकाम वाचतं खरं, पण इन्सुलेशन खराब झालं की मेनचा करंट सेन्सरच्या वायरीत उतरू शकतो. मोटरला स्वतंत्र एमसीबी (जादा करंट झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) द्या. अर्थिंग मोटरच्या बॉडीला हवंच, लोखंडी गेटच्या फ्रेमलाही द्या. पावसात ओल्या हाताने गेट धरणारा माणूस त्यावर विसंबून असतो. वायरी बॉक्समध्ये खालून, ग्लँडमधून (वायर घट्ट धरणारं बूच) घ्या आणि पाइपाचं तोंड बुजवा. मृगाच्या पहिल्याच सरींनंतर मुंग्या आणि पाली कोरडी जागा शोधत बोर्डावर येतात.

गेट उलट दिशेने चालतंय म्हणून मोटरच्या दोन वायरी बदलल्या, की लिमिट स्विचच्या (गेट टोकाला पोचलं की मोटर थांबवणारा स्विच) वायरीही तपासा. त्या तशाच राहिल्या तर गेट टोकाला थांबत नाही. दोन्ही टोकांना लोखंडी स्टॉपर असलाच पाहिजे. तो नसल्यामुळे गेट गाइडमधून निसटून अंगावर पडतं, आणि अशा अपघातात माणसं दगावली आहेत.

गेट मध्येच अडतं म्हणून बोर्डावरून मोटरचा फोर्स (जोर) वाढवणं हा उपाय नव्हे. फोर्स वाढवला की माणसाला धडकूनही ते थांबत नाही. आधी मेन बंद करा, चावीने मोटर मोकळी करा आणि गेट हाताने ढकलून बघा. एका हाताने सरकत नसेल, तर दोष रोलरमध्ये, ट्रॅकमधल्या खडीत नाहीतर वाकलेल्या रुळात आहे. रॅक (गेटवरची दातेरी पट्टी) आणि पिनियनमध्ये (मोटरचं दातेरी चाक) एक ते दोन मिलिमीटर फट आहे का, तेही पाहा. फट नसेल तर गेटचं वजन मोटरच्या शाफ्टवर येतं.

मोटर मोकळी करायची चावी कपाटात कुलूपबंद ठेवू नका. वीज गेली तर गेट कसं उघडायचं, हे घरातल्या सगळ्यांकडून आणि वॉचमनकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या.