मोबाईलमधला एचडी चित्रपट टीव्हीवर दाखवण्यासाठी रूपांतर कसे करावे

मोबाईलमध्ये साठवलेला हाय डेफिनिशन चित्रपट टीव्हीवर लावायचा असेल, तर रूपांतराचे सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी फोन टीव्हीला कोणत्या मार्गाने जोडला जाणार आहे हे ठरवणे आवश्यक असते. फाईल कोणत्या स्वरूपाची हवी, तिचा आकार किती असावा, आवाजाचे काय करावे, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या एका निर्णयावर अवलंबून असतात. अनेक जण हा विचार न करता सगळ्याच फाईली सरसकट लहान करतात आणि मोठ्या पडद्यावर चित्र पुसट दिसले की दोष टीव्हीला देतात. रूपांतरात गेलेला तपशील पुन्हा मिळवता येत नाही. म्हणून जेवढे बदलल्याशिवाय चालणार नाही, तेवढेच बदलावे, हे या संपूर्ण कामाचे सूत्र ठेवावे.

जोडणीचे तीन मार्ग

पहिला मार्ग केबलचा. फोनच्या यूएसबी-सी पोर्टला एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर लावून तो टीव्हीला जोडला की फाईल फोनच उलगडतो आणि टीव्ही केवळ पडद्याचे काम करतो. मात्र यासाठी फोनच्या पोर्टमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ ही सोय असावी लागते. आयफोन 15 आणि त्यापुढील मॉडेल्समध्ये, तसेच सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेतील अलीकडच्या फोनमध्ये ती आहे. मध्यम आणि कमी किमतीच्या बहुतेक फोनमध्ये मात्र पोर्ट बाहेरून अगदी तसाच दिसत असला तरी ती नसते. ठाणे स्टेशनबाहेरच्या किंवा वाशीच्या सेक्टर 17 मधील दुकानांत अ‍ॅडॉप्टर सहज मिळतो, परंतु तो घेण्यापूर्वी फोन कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलची माहिती पाहावी आणि शक्य असल्यास दुकानातच फोन लावून चित्र येते का याची खात्री करावी. चार्जिंगसाठी वेगळा पोर्ट असलेला अ‍ॅडॉप्टर घेतलेला बरा, कारण अडीच तासांच्या चित्रपटात फोनची बॅटरी बरीच उतरते आणि एकमेव पोर्ट केबलने अडवलेला असतो.

दुसरा मार्ग स्क्रीन मिररिंगचा, म्हणजे मिराकास्ट किंवा तत्सम पद्धतीचा. यात फोन फाईल उलगडतो, पडद्यावर दिसणारे चित्र त्याच क्षणी पुन्हा आवळतो आणि हवेतून टीव्हीकडे पाठवतो. चित्र दोनदा आवळले गेल्यामुळे अंधाऱ्या दृश्यांत चौकोनी डाग दिसतात आणि वेगवान दृश्ये अडखळतात. छायाचित्रे दाखवण्यासाठी हा मार्ग ठीक आहे. पूर्ण चित्रपटासाठी मी तो सुचवणार नाही.

तिसरा मार्ग कास्टिंगचा. फोन येथे फाईल जशीच्या तशी वाय-फायवरून क्रोमकास्टला (टीव्हीला लावायच्या गूगलच्या छोट्या उपकरणाला) किंवा क्रोमकास्ट अंतर्भूत असलेल्या टीव्हीला देतो आणि ती उलगडण्याचे काम पलीकडच्या उपकरणाला करावे लागते. चित्राचा दर्जा उत्तम राहतो, पण त्या उपकरणाला फाईलची भाषा कळली पाहिजे, आणि खऱ्या अर्थाने रूपांतराची गरज बहुतेक वेळा येथेच पडते. घोडबंदर रस्त्यावरील किंवा खारघरमधील उंच इमारतींत आणखी एक अडचण येते. आजूबाजूच्या घरांतील राउटर 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर येतात, कारण या पट्ट्यात एकमेकांना न छेदणारे चॅनेल जेमतेम तीन, म्हणजे 1, 6 आणि 11 आहेत. फोन आणि टीव्ही दोन्ही 5 गिगाहर्ट्झवर जोडल्यास चित्रपट थांबत थांबत चालण्याची तक्रार पुष्कळदा तेवढ्यानेच दूर होते, आणि फाईल विनाकारण लहान करावी लागत नाही.

गणपतीला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत कोकणातल्या घरी चित्रपट दाखवायचा असेल, जिथे वाय-फाय नाही आणि मोबाईलचे नेटवर्कही बेताचे आहे, तिथे केबलचा मार्ग सर्वांत भरवशाचा आहे. फोनमध्ये ती सोय नसेल, तर फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीच्या यूएसबी पोर्टला लावणे हा साधा पर्याय उरतो, आणि त्यासाठीही पुढील माहिती तितकीच उपयोगी पडेल.

आधी फाईल तपासावी

संगणकावर व्हीएलसी प्लेयरमध्ये चित्रपट लावून ‘टूल्स’ मेनूतील ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडावे. अधिक सविस्तर तपशील हवा असल्यास ‘मीडियाइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. तीन गोष्टी टिपून घ्याव्यात: कंटेनर, चित्राचा कोडेक आणि आवाजाचा कोडेक. कोडेक म्हणजे चित्र किंवा आवाज आवळण्याची पद्धत. एमकेव्ही आणि एमपी4 ही कंटेनरची, म्हणजे डब्याची नावे आहेत. डबा बदलला म्हणून आतली भाजी बदलत नाही. आत चित्र एच.264, एच.265 किंवा एव्ही1 यांपैकी एका पद्धतीने आवळलेले असते, आणि आवाज एएसी, एसी-3 किंवा डीटीएस अशा स्वरूपात असतो.

2003 मध्ये प्रमाणित झालेला एच.264 आज वापरात असलेला जवळजवळ प्रत्येक फोन आणि स्मार्ट टीव्ही उलगडू शकतो. 2013 चा एच.265 तितक्याच दर्जाचे चित्र बऱ्याच कमी जागेत बसवतो, पण जुन्या फुल एचडी टीव्हींना तो बहुधा कळत नाही. फाईल एकापेक्षा अधिक घरांत दाखवली जाणार असेल, तर एमपी4 कंटेनर, एच.264 चित्र आणि एएसी स्टिरिओ आवाज हा संच निवडावा. जागा थोडी अधिक लागते, परंतु ऐन वेळी पाहुण्यांसमोर काळा पडदा पाहण्याची वेळ येत नाही.

केवळ आवाज येत नसेल तर

चित्र व्यवस्थित दिसते पण आवाज येत नाही, ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार आहे. तिचे कारण बहुधा डीटीएस किंवा एसी-3 आवाज हे असते, कारण अनेक फोन, टीव्ही आणि प्लेयर अ‍ॅप यांच्यामध्ये परवाना शुल्काच्या कारणाने हे कोडेक दिलेले नसतात. केबलचा मार्ग असेल तर फोनवर व्हीएलसी वापरून पाहावे. ते हे दोन्ही कोडेक स्वतःच उलगडते आणि रूपांतराची गरजच राहत नाही.

कास्टिंगसाठी मात्र आवाज बदलावा लागतो, आणि त्यासाठी चित्राला हात लावण्याचे काहीही कारण नाही. ‘एव्हिडेमक्स’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडून डावीकडील स्तंभात व्हिडिओसाठी ‘कॉपी’, ऑडिओसाठी एएसी आणि आउटपुटसाठी ‘एमपी4 मक्सर’ निवडावे आणि फाईल साठवावी. मूळ आवाज सहा चॅनेलचा असल्यास ऑडिओच्या फिल्टरमध्ये तो स्टिरिओ करून घ्यावा. चित्र जसेच्या तसे उचलले जात असल्यामुळे हे काम काही मिनिटांत होते आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही. या सोप्या वाटेची माहिती नसल्यामुळे किती जण रात्रभर संगणक चालू ठेवून संपूर्ण चित्रपट पुन्हा आवळतात, याचे खरोखर वाईट वाटते.

पूर्ण रूपांतर

फाईल फार मोठी असेल किंवा चित्राचा कोडेक टीव्हीला कळत नसेल, तर पूर्ण रूपांतर करावे. त्यासाठी ‘हॅण्डब्रेक’ हे मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. ते नेहमी अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. फाईल उघडल्यानंतर ‘फास्ट 1080पी30’ हा प्रीसेट, म्हणजे सेटिंग्जचा तयार संच, निवडावा आणि मग ‘व्हिडिओ’ विभागात जावे.

तिथे ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ नावाची पट्टी असते आणि तिच्यावरील आरएफ या आकड्यावर सारे काही ठरते. आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाईल मोठी. 1080 ओळींच्या चित्रासाठी हॅण्डब्रेककडून 20 ते 24 हा पल्ला सुचवला जातो. आकडा साधारणपणे 6 ने वाढवला की फाईल निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. केवळ फोनच्या पडद्यावर पाहायचे असते तर 24 पुरेसे ठरले असते. 43 इंची किंवा त्याहून मोठ्या टीव्हीसाठी मी 20 किंवा 21 च्या पुढे जाणार नाही, कारण धुके, पाण्याची लाट, समईच्या उजेडातील चेहरे अशा दृश्यांत फरक लगेच जाणवतो. याउलट 32 इंची टीव्ही आठ-दहा फुटांवरून पाहिला जात असेल, तर 720 ओळींचे रूपांतर पुरते आणि बरीच जागा वाचते.

आकाराचा अंदाज आधी बांधता येतो. अडीच तास म्हणजे 9000 सेकंद. चित्राला सेकंदाला सरासरी 4 मेगाबिट लागले, तर 36,000 मेगाबिट होतात, आणि त्यांना 8 ने भागल्यावर 4500 मेगाबाइट, म्हणजे साडेचार गिगाबाइटची फाईल तयार होते. हाच चित्रपट सेकंदाला 25 मेगाबिटच्या दराने साठवलेला असेल तर तो सुमारे 28 गिगाबाइट जागा घेतो. फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डवर 4 गिगाबाइटपेक्षा मोठी फाईल मावत नाही, कितीही जागा रिकामी असली तरी. अशा वेळी दर्जा कमी करत बसण्यापेक्षा, आतील सामग्री दुसरीकडे घेऊन तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा, मात्र टीव्ही ती पद्धत वाचतो का हे आधी पाहावे.

फ्रेमरेटच्या खान्यात ‘सेम अ‍ॅज सोर्स’ ठेवावे. चित्रपट बहुधा सेकंदाला 24 चित्रांचे असतात. ते ओढून 30 केल्यास कॅमेरा आडवा फिरताना चित्र धक्के खात जाते. ‘ऑडिओ’ विभागात एएसी स्टिरिओ आणि 160 किलोबिट ठेवावे. अनेक भाषांचे ट्रॅक असल्यास हवा तोच निवडला आहे ना, हे येथे आवर्जून पाहावे.

संपूर्ण चित्रपटाचे काम सुरू करण्यापूर्वी ‘रेंज’मध्ये सेकंद हा पर्याय घेऊन अंधाऱ्या किंवा धावपळीच्या प्रसंगातील दोन मिनिटांचा तुकडा रूपांतरित करावा आणि तो प्रत्यक्ष त्याच टीव्हीवर, त्याच जोडणीने लावून पाहावा. लॅपटॉपच्या लहान पडद्यावर निर्दोष वाटणारे चित्र मोठ्या पडद्यावर तसे दिसेलच असे नाही.

समारंभांची चित्रीकरणे

गडकरी रंगायतनातील शाळेचे स्नेहसंमेलन किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातील नृत्याचा कार्यक्रम जुन्या हॅण्डिकॅमवर टिपलेला असेल, तर त्या फाईली बहुधा एमटीएस स्वरूपाच्या असतात. 2006 मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक यांनी आणलेल्या एव्हीसीएचडी या पद्धतीचे ते रूप आहे. तिच्यात बहुधा प्रत्येक चित्र एक सोडून एक ओळींच्या दोन भागांत नोंदवलेले असते, त्यामुळे फोनवर आणि टीव्हीवर नाचणाऱ्या मुलांच्या हातापायांच्या कडा कंगव्याच्या दात्यांसारख्या फाटलेल्या दिसतात. हॅण्डब्रेकच्या ‘फिल्टर्स’ विभागात ‘डीइंटरलेस’साठी ‘यॅडिफ’ निवडून त्याचा प्रकार ‘बॉब’ ठेवावा आणि फ्रेमरेट 50 करावा. प्रीसेटमधील 30 ची मर्यादा तशीच राहिली तर हालचालीतील ओघ हरवतो. एकदाच घडलेल्या प्रसंगाची ही चित्रे असतात, म्हणून येथे आरएफ 18 ठेवण्यातही संकोच करू नये, आणि मूळ फाईल कधीही पुसू नये.

मराठी उपशीर्षके

एसआरटी, म्हणजे उपशीर्षकांची वेगळी फाईल, यूटीएफ-8 या स्वरूपात साठवलेली असावी, अन्यथा देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. तरीही काही टीव्हींवर जोडाक्षरे तुटतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटतात, कारण अक्षरांची मांडणी टीव्ही स्वतः करतो. केबलने जोडल्यास हे काम फोन करत असल्याने अडचण येत नाही. कास्टिंगसाठी मात्र हॅण्डब्रेकच्या ‘सबटायटल्स’ विभागात एसआरटी जोडून ‘बर्न इन’ निवडावे, म्हणजे अक्षरे चित्राचाच भाग होतात. ती नंतर काढता येत नाहीत, हे लक्षात घेऊनच हा पर्याय वापरावा.

वेळ, वीज आणि कायदा

साध्या लॅपटॉपवर एका चित्रपटाला काही तास लागू शकतात. इंटेलच्या ‘क्विक सिंक’ किंवा एनव्हिडियाच्या ‘एनव्हीएन्क’ या सोयी काम झपाट्याने उरकतात, पण तेवढ्याच दर्जासाठी फाईल मोठी होते. एमपी4 फाईलची अनुक्रमणिका सर्वांत शेवटी लिहिली जाते, म्हणून पावसाळ्याच्या दिवसांत मध्येच वीज गेली आणि संगणकाला यूपीएस नसला, तर अर्धवट फाईल उघडतच नाही. अशा हवामानात लॅपटॉपवर काम करावे किंवा आधी एमकेव्हीमध्ये रूपांतर करून नंतर एव्हिडेमक्सने डबा बदलावा.

संरक्षण कुलूप असलेल्या ब्लू-रे तबकड्या हॅण्डब्रेक उघडत नाही. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम 65 अ हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा गुन्हा ठरवते. स्वतः चित्रित केलेले, हक्कधारकाने डाउनलोडसाठी दिलेले, किंवा प्रदर्शनानंतरची 60 वर्षे उलटून हक्कमुक्त झालेले चित्रपट यांच्यापुरतेच हे काम ठेवावे.

तयार फाईल फोनमध्ये वाय-फायने पाठवण्यापेक्षा केबलने उतरवावी आणि तिथे उतरल्यावर सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तीन ठिकाणी चालवून पाहावी. केबलने टीव्हीला जोडताना फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाकावा, कारण केबलच्या मार्गात फोनवर आलेला प्रत्येक संदेश साऱ्या घरासमोर टीव्हीवर झळकतो.