एक्झोसोमने दाह खरंच कमी केला का? मॅक्रोफेजवर तपासताना

लॅबमध्ये नवं कुणी आलं की मी आधी माझी एक जुनी वही उघडून दाखवते. त्यात माझा आजवरचा सगळ्यात देखणा आलेख आहे, आणि तो फुसका आहे. मॅक्रोफेजना (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला दाह चेतवणारा पदार्थ) देऊन चेतवलं, नाळेतल्या स्टेम सेलचे एक्झोसोम (पेशी बाहेर सोडतात त्या अतिसूक्ष्म पिशव्या) घातले आणि टीएनएफ-अल्फा (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) धाडकन खाली. पेढे आणायचेच बाकी होते. सरांनी एवढंच विचारलं, "पेशी न घातलेलं मीडिया (ज्या द्रवात पेशी वाढवतात ते) तसंच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलंस का?" फिरवलं. ते मॅक्रोफेजना दिलं, तर टीएनएफ तेवढाच खाली! मीडियात घातलेल्या वासराच्या सीरममध्ये त्याचे स्वतःचे एक्झोसोम असतात; तीन आठवडे मी त्यांचीच करामत मोजत बसले होते.

तेव्हा सुरुवात सीरमपासून कर. ते मीडियात पातळ करून १,००,००० जीवर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) रात्रभर, १८ तास फिरव आणि वरचंच वापर. त्यात स्टेम सेल ४८ तास ठेवून मीडिया काढून घे. मग ३०० जीला १० मिनिटं (पेशी बसतात), २,००० ला १० (मेलेल्या पेशी), १०,००० ला ३० (मोठे तुकडे). इथवर तळातलं टाकायचं, वरचं ठेवायचं. पुढे १,००,००० जीला ७० मिनिटं, पीबीएसने (पेशींना सोसणारं खारं द्रावण) धुवून पुन्हा ७०. आता उलटं: वरचं टाकायचं, तळातलं ठेवायचं. सवयीच्या हाताने भलतंच ओतून देणारे मी पाहिलेत. पेलेट (तळाशी बसलेला थर) बहुतेक वेळा दिसतच नाही, म्हणून तिरक्या रोटरमध्ये ट्यूब ठेवण्याआधी तिच्या बाहेरच्या बाजूला मार्करने खूण कर. पेलेट तिथेच चिकटतं. पीबीएसचा थेंब त्या खुणेवर फिरवून खरवडून घे.

ते एक्झोसोमच आहेत हे दाखवावं लागतं: आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, सीडी६३ आणि सीडी८१ (एक्झोसोमवरची ओळखीची प्रथिनं) हजर, कॅलनेक्सिन (पेशीच्या आतलं प्रथिन) गैरहजर. कॅलनेक्सिन दिसलं तर फुटलेल्या पेशींचा गाळ आलाय.

मॅक्रोफेजसाठी टीएचपी-१ (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या रक्तपेशी) पेशींना पीएमए (त्यांना मॅक्रोफेज बनवणारं रसायन) दे, मग एक दिवस पीएमएशिवाय निवांत ठेव. घाई केलीस तर त्या आधीच चिडलेल्या असतात.

होतं काय, तर एलपीएस मॅक्रोफेजवरच्या टीएलआर४ या रिसेप्टरला चिकटतं, आत एनएफ-कप्पा-बी (दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन) जागं होतं, टीएनएफ आणि आयएल-६ ही दाहाची प्रथिनं बाहेर पडतात. एक्झोसोममधला मिआर-१४६ए हा आरएनए या साखळीतल्या ट्राफ६ आणि आयरॅक१ या दोन कड्या कमी करतो. म्हणून नुसता टीएनएफ मोजून थांबू नकोस. आयएल-१० आणि सीडी२०६ (दाह शमत असल्याच्या खुणा) वाढले का तेही बघ. पेशी मेल्या तरी टीएनएफ कमीच दिसतो.

आता खरी मेख. एक्झोसोममध्येच एलपीएसचा अंश असेल आणि तू ते आदल्या दिवशी घातलेस, तर मॅक्रोफेज त्याला सरावतात. दुसऱ्या दिवशी खरं एलपीएस दिलं की टीएनएफ कमी येतो आणि आपल्याला वाटतं एक्झोसोमने दाह शमवला. यासाठी प्रत्येक बॅचची एंडोटॉक्सिन (म्हणजे एलपीएसच) चाचणी कर आणि प्लेटमध्ये एक रांग एलपीएस न देता नुसत्या एक्झोसोमची ठेव. त्या रांगेत टीएनएफ चढला तर बॅच फेकून दे, कितीही जिवावर आलं तरी.