पहिला संगणक स्वतः जोडताना परवडणारा मदरबोर्ड कसा निवडावा

कोल्हापुरात राजारामपुरी किंवा शाहूपुरीतल्या एखाद्या दुकानात नव्या संगणकाचे कोटेशन मागितले, की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचे नाव सविस्तर लिहून मिळते, मदरबोर्डासमोर मात्र बहुधा 'एच६१०' किंवा 'बी५५०' एवढेच लिहिलेले असते. हे चिपसेटचे, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचे नाव आहे, बोर्डाचे नव्हे. एकाच चिपसेटवर असुस, गिगाबाइट, एमएसआय, एएसरॉक अशा कंपन्या कितीतरी वेगवेगळे बोर्ड बनवतात आणि त्यांतल्या सर्वांत स्वस्त व सर्वांत चांगल्या बोर्डात मोठे अंतर असते. म्हणून बोर्डाचे पूर्ण मॉडेल नाव कोटेशनवर लिहून घ्यावे आणि घरी येऊन कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलचे पान उघडून वाचावे. पुढे जे सांगतो आहे ते सारे त्या पानाशी ताडून पाहता येते.

निवडीचा क्रम आधी प्रोसेसर, मग बोर्ड असाच असावा, कारण सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा) जुळले नाही तर बाकी सारे व्यर्थ आहे. इंटेलचे १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए १७०० या सॉकेटात बसतात, तर २०२४मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ लागते. एएमडीचे रायझन ५००० आणि त्याआधीचे प्रोसेसर एएम४ सॉकेटाचे आहेत आणि ७००० मालिकेपासून पुढे एएम५ सॉकेट सुरू होते. मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या प्रकाराचा प्रश्नही इथेच सुटतो: एएम४ म्हणजे डीडीआर४, एएम५ आणि एलजीए १८५१ म्हणजे डीडीआर५. एलजीए १७०० मात्र दोन्ही प्रकारांत मिळते आणि तिथे बोर्डाच्या नावात 'डी४' किंवा 'डीडीआर४' आहे का, हे एकेक अक्षर पाहून तपासावे लागते. दोन्ही प्रकारच्या रॅमला २८८च पिन असतात, लांबीही सारखीच असते, पण खाच वेगळ्या जागी असल्याने एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. ती जोर लावून बसवू नये.

नावांच्या बाबतीत आणखी एका ठिकाणी फार सावध राहावे. एच६१ आणि एच६१० यांत फरक एका शून्याचा दिसतो, पण एच६१ हा २०११चा, डीडीआर३च्या काळातला चिपसेट आहे आणि एच६१० हा २०२२चा. अपरिचित नावांच्या कंपन्यांचे एच६१ बोर्ड आजही कोऱ्या खोक्यात, अतिशय कमी किमतीत विकले जातात. त्यावर बसणारे प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत आणि विंडोज १०चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपला आहे. पहिल्या संगणकासाठी हा बोर्ड कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

सॉकेट ठरले की पैसे कुठे घालायचे हा खरा प्रश्न येतो. माझी कसोटी अशी आहे की जी गोष्ट नंतर वेगळी विकत घेऊन लावता येते, तिच्यासाठी आज बोर्डावर जादा पैसे देऊ नयेत आणि जी नंतर कधीच लावता येणार नाही, तिच्यात काटकसर करू नये. वायफाय नसेल तर यूएसबी अडॅप्टर मिळतो, आवाजाचा दर्जा कमी वाटला तर यूएसबी साउंड कार्ड मिळते, आणि रंगीत दिव्यांवाचून कोणाचे अडत नाही. पण मेमरीचे स्लॉट आणि प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग बोर्डावर जसा आला तसाच शेवटपर्यंत राहतो.

मेमरीच्या स्लॉटपासून सुरुवात करू. एच६१० बोर्डांवर सहसा दोनच स्लॉट असतात. आज आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या आणि दोन वर्षांनी कॅड (संगणकावर आराखडे काढणे) किंवा व्हिडिओ संपादनासाठी ३२ जीबीची गरज पडली, तर दोन्ही जुन्या पट्ट्या काढून विकाव्या लागतात. चार स्लॉट असतील तर त्याच क्षमतेच्या आणखी दोन पट्ट्या घालता येतात. अर्थात दोन स्लॉट म्हणजे बोर्ड वाईट असे नव्हे. कार्यालयीन काम, अभ्यास आणि साधे प्रोग्रामिंग एवढाच उपयोग असेल तर ते पुरेसे आहेत, किंवा आज १६ जीबीची एकच पट्टी घालून दुसरा स्लॉट मोकळा ठेवण्याचाही मार्ग आहे. मात्र स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल, तर दोन पट्ट्या एकत्र चालवल्याचा वेग खेळांमध्ये स्पष्ट जाणवतो, हे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा.

वीज पुरवणाऱ्या भागाला व्हीआरएम म्हणतात. पॉवर सप्लायकडून येणारा १२ व्होल्टचा दाब प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण सव्वा व्होल्टपर्यंत खाली आणण्याचे काम तो करतो आणि ते करताना तापतो. इथे खोक्यावरचे आकडे फसवे असतात. कोअर आय५ १२४०० आणि कोअर आय७ १३७०० या दोघांवरही मूळ वीजवापर ६५ वॉट असाच लिहिलेला असतो, पण जोरात काम करताना पहिल्याची इंटेलने दिलेली कमाल मर्यादा ११७ वॉट आहे आणि दुसऱ्याची २१९ वॉट. पहिला प्रोसेसर साध्या एच६१० बोर्डावर निर्धास्तपणे चालतो. दुसरा त्याच बोर्डावर सुरू होईल, पण लांबलचक रेंडरिंग चालू असताना व्हीआरएम तापून त्याचा वेग खाली उतरेल आणि प्रोसेसरसाठी मोजलेले जादा पैसे वाया जातील. बोर्डाच्या छायाचित्रात प्रोसेसरच्या डावीकडे आणि वर चौकोनी काळे घटक उघडे दिसतात की त्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी बसवलेली आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत आधीच उकाडा असतो, त्यामुळे ही पट्टी असलेला बोर्ड थोडा महाग पडला तरी घ्यावा. कॅबिनेटच्या पंख्यांसाठी बोर्डावर किती जोडण्या आहेत तेही मोजावे; अगदी स्वस्त बोर्डांवर ती एकच असते.

एसएसडीसाठी (वेगवान साठवणीसाठी) एम.२ स्लॉट, म्हणजे तिची छोटी पट्टी थेट बोर्डावर बसवण्याची जागा, किमान एक हवाच, दोन असतील तर उत्तम. त्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई (अधिक वेगवान प्रकारची एसएसडी) चालते की फक्त साटा (जुना, संथ प्रकार), हे पानावर पाहावे आणि तळटिपाही वाचाव्यात, कारण काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट वापरला की साटाची एक-दोन पोर्ट बंद होतात. मागच्या बाजूला एचडीएमआय पोर्ट दिसले म्हणजे चित्र मिळेलच असेही नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे त्यांत, आणि रायझन ५ ५६००सारख्या एएम४ प्रोसेसरांत, अंगचे ग्राफिक्स नसते. तिथे ग्राफिक्स कार्डाशिवाय बोर्डावरचे ते पोर्ट निरुपयोगी आहे. रायझन ५ ५६००जीमध्ये मात्र ते असते.

आकाराची चिंता फारशी करू नये. २४४ मिलिमीटर चौरसाचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड जवळपास प्रत्येक सर्वसाधारण कॅबिनेटात बसतो आणि परवडणाऱ्या बोर्डांत हाच आकार सर्वाधिक मिळतो.

बायोसचा, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरचा मुद्दा नवख्या माणसाला हटकून अडवतो. बोर्ड प्रोसेसरच्या आधी तयार झालेला असेल, तर सॉकेट जुळूनही संगणक सुरू होत नाही. जुन्या साठ्यातल्या एच६१० किंवा बी६६० बोर्डावर १४व्या पिढीचा प्रोसेसर, किंवा जुन्या बी४५० बोर्डावर रायझन ५००० बसवताना हे घडते. बोर्डाच्या पानावर प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येकासमोर बायोसची किमान आवृत्ती लिहिलेली असते. ती आवृत्ती बोर्डात भरून देण्याची अट दुकानदाराला खरेदीच्या आधीच घालावी. ज्या बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकचे बटण असते, त्यांवर प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हवरूनही ती टाकता येते.

बोर्ड हातात घेताना दुकानातच खोके उघडावे. एलजीए सॉकेटात आणि एएम५मध्येही नाजूक पिन बोर्डावर असतात, त्यामुळे प्लास्टिकचे झाकण उचलून मोबाइलच्या उजेडात तिरक्या कोनातून पाहावे: सर्व पिना एकाच दिशेने, सरळ रांगेत चमकल्या पाहिजेत. एखादी जरी वेगळी चमकली तरी तो बोर्ड घेऊ नये, कारण वाकलेली पिन सहसा वॉरंटीत धरली जात नाही. झाकण परत लावून घ्यावे आणि प्रोसेसर बसवल्यानंतरही जपून ठेवावे. बोर्ड दुरुस्तीला पाठवताना तेच सॉकेटाचे रक्षण करते. पक्क्या बिलावर मॉडेल आणि सिरियल क्रमांक दोन्ही लिहून घ्यावेत, आणि वॉरंटीचे काम दुकानदार स्वतः करून देणार की बोर्ड दुसऱ्या शहरातल्या केंद्रात आपणच कुरिअरने पाठवायचा, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. ऑनलाइन दोन-तीनशे रुपये वाचत असतील आणि इथला दुकानदार हे काम अंगावर घेत असेल, तर मी इथूनच घेईन.

खोक्यावर विजेच्या झटक्यापासून संरक्षणाचे दावे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, पण त्यांसाठी जादा पैसे मोजू नयेत. जुन्या वाड्यांत आणि घरांत भिंतीवर तीन पिनांचे सॉकेट असूनही आत अर्थिंगची तार जोडलेली नसते. ती इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की मुख्य प्लगबरोबरच गच्चीवरून आलेली इंटरनेटची तांब्याची लॅन केबलही काढून ठेवावी, कारण बोर्डाचे लॅन पोर्ट त्या केबलमधून येणाऱ्या झटक्यानेही जळते.