वायफाय लावायला शिकताय? मी केलेल्या या चुका टाळा

मामाचं घर नागपुरात, महाल भागात, जुनं, मधे चौक. दिवाळीत तिथलं वायफाय मीच लावून दिलं होतं आणि आठवडाभर मिरवलं पण होतं. मार्च संपता संपता मामाचा फोन, "काहून बे, नेट चालतच नाही ना मागच्या खोल्यांत, अन् दुपारी तर पूर्णच बंद पडून राहिलं."

मी काय केलं तर सरळ दुकानात जाऊन एक्स्टेंडर आणला, मामाच्याच पैशानं. लावला, फोनवर टॉवर फुल, सगळे खूश, आणि नेट तसंच रडतंय. हीच पहिली चूक, बघायच्या आधी विकत घेणं. एक्स्टेंडर स्वतः काही रेंज तयार करत नाही हो, त्याला जे ऐकू येतं तेच तो पुढे ओरडून सांगतो, त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नसेल तर पुढे काय सांगणार. फोनवर दिसणारा टॉवर फोन ते एक्स्टेंडर एवढाच असतो, एक्स्टेंडर ते राउटरचा नाही. वरून स्वस्तातला असेल तर एकाच चॅनलवर, म्हणजे हवेतल्या एकाच वाटेवर, ऐकतो पण आणि बोलतो पण, म्हणून स्पीड साधारण अर्धाच.

दोन रविवार घालवल्यावर ट्यूब पेटली. राउटर समोरच्या खोलीत, त्या खोलीची खिडकी चौकाकडे, आणि मागच्या खोल्यांना रेंज जायची ती त्या खिडकीतून, कारण भिंती दीड-दोन फुटांच्या. दिवाळीत खिडकी मोकळी होती. मार्चमध्ये तिथे कूलर बसला. पत्र्याची बॉडी, तीन बाजूंनी भिजलेल्या ताट्या, खाली पाण्याची टाकी. पत्रा रेडिओ लहरी परतवतो आणि पाणी त्या पिऊन टाकतं, म्हणजे रेंज अडवायला याच्यापेक्षा भारी वस्तू मुद्दाम बनवून घेतली असती तरी मिळाली नसती. राउटर आठ फूट सरकवला, दरवाज्याच्या वर खिळ्यावर टांगला, मागच्या खोल्यांचं भागलं.

पण दुपारचं बंद पडणं तसंच! इथे माझी दुसरी चूक, मी एकच बिघाड धरून बसलो होतो आणि बिघाड होते दोन. राउटर दिवाळीपासून टीव्हीच्या बंद कपाटात सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर होता, तो सरकवला तेव्हा अॅडॅप्टर मात्र मी तिथेच ठेवला होता, लांब वायर ओढून. घरगुती राउटरच्या कागदावर वापराचं तापमान बहुतेक वेळा ० ते ४० डिग्री लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर सावलीतच ४५ असते, बंद कपाटात काय होत असेल बघा. अॅडॅप्टर तापून राहिला होता आणि राउटर मधेच रीस्टार्ट होत होता. हात लावून पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

त्यानंतर एक सवय लावून घेतली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलायच्या आधी मोजायची. अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझर टाइपचं कुठलंही फुकट अॅप घ्या, त्यात डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप) उणे आकडा दिसतो. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल आरामात, उणे ८० च्या खाली गेलं की कनेक्ट दिसेल पण चालणार काही नाही. तीन डीबी कमी म्हणजे ताकद अर्धी, एवढं लक्षात ठेवलं की एकेका भिंतीची किंमत समजते. आणि नेट बंद म्हणजे नक्की काय बंद ते पण वेगळं करा, आधी राउटरला पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघणं), मग ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर), मग एखाद्या साइटच्या नावानं. राउटरलाच पिंग जात नसेल तर गडबड घरातली, आकड्याला जातो पण नावाला नाही तर डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडा शोधून देणाऱ्या यंत्रणेची. लॅपटॉपला १६९.२५४ नं सुरू होणारा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) दिसला तर त्याला राउटरकडून आयपी मिळालेलाच नाही, तिथे पासवर्ड बदलत बसू नका.

जुना राउटर दुसऱ्या मजल्यावर लावायची आयडिया सगळ्यांनाच येते आणि सगळेच त्यात आपटतात. दोन्ही राउटरचा आयपी १९२.१६८.१.१, दोन्ही आयपी वाटून राहिले, मग काही फोन चालतात काही नाही आणि कोणता का चालतो ते देवाला माहीत. जुना राउटर आधी एकटा लॅपटॉपला वायरनं जोडा, त्याचा आयपी १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद करा, मगच मेन राउटरच्या लॅन पोर्टातून वायर आणून त्याच्या लॅन पोर्टात घाला. वॅनचं भोक (एरवी नेटवाल्याची वायर जाते ते) रिकामं. त्यात अॅक्सेस पॉइंट मोड (राउटरला नुसता वायफाय देणारा डबा बनवणारी सेटिंग) असेल तर मग हे काहीच करायची गरज नाही, तो चालू करा आणि त्यात सांगितलेल्या पोर्टात वायर घाला.

चॅनलचं थोडक्यात. मानेवाड्याकडे एखाद्या फ्लॅट स्कीममध्ये स्कॅन मारून बघा, वीस-पंचवीस नावं सहज येतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११. "३ रिकामा दिसतोय" म्हणून तिथे जाऊन बसणं म्हणजे दोघांच्या भांडणात मधे खुर्ची टाकणं. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, आणि राउटरच्याच खोलीतल्या टीव्ही-लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झवर टाका.

आता सिक्युरिटी. नंदनवनातल्या एका अभ्यासिकेत मला बोलावलं होतं, नेट स्लो म्हणून. भिंतीवर पासवर्ड लिहिलेला, मालकाचा मोबाइल नंबर. आपल्याकडे अर्ध्या गावाचा पासवर्ड हाच असतो. नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो आणि पुढे नऊ आकडे, म्हणजे झाले ४०० कोटी पर्याय. ऐकायला खूप वाटतं, पण डब्ल्यूपीए-२ मध्ये (वायफायला कुलूप लावायची पद्धत) फोन जोडला जातानाची देवाणघेवाण कोणी हवेतून पकडली की नंतर तो घरी बसून पर्याय तपासू शकतो, भारी ग्राफिक कार्ड असेल तर काही तासांचं काम. त्यापेक्षा चार-पाच एकमेकांशी संबंध नसलेले मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून जोडा, ६३ अक्षरांपर्यंत चालतं.

डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिननं जोडायची सोय) आधी बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी तो तपासला जातो दोन तुकड्यांत, आधी चार मग तीन, आठवा आकडा नुसता पडताळणीचा. म्हणजे दहा कोटी नाही, जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्न. ही गोष्ट २०११ च्या डिसेंबरमध्येच जाहीर झाली आणि तरी जुन्या राउटरमध्ये ते चालूच सापडतं. त्या अभ्यासिकेत होतंच. वर अॅडमिनचा पासवर्ड पण अॅडमिन, म्हणजे आत आलेला कोणताही पोरगा राउटरचा मालक.

तिथे अजून एक मजा होती, सिक्युरिटीत टीकेआयपी (डेटा गुप्त करायची एक पद्धत) निवडलेलं. ते जुनं तर आहेच, पण त्याच्यावर राउटर ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही, आणि मालक बिचारा नेटवाल्याला शिव्या देत होता. त्याच्याऐवजी एईएस केलं, पोरांना गेस्ट नेटवर्क दिलं, त्यात क्लायंट आयसोलेशन चालू केलं म्हणजे एकाला दुसऱ्याचा लॅपटॉप दिसत नाही. सगळी उपकरणं नवीन असतील तर डब्ल्यूपीए-३, नाहीतर २ आणि ३ दोन्हीचा मिक्स मोड. नेटवर्कचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (उपकरणाचा मॅक नंबर बघून आत घेणं) यात वेळ घालवू नका, नाव तुमचा फोनच हवेत विचारत फिरतो आणि मॅक उघडाच जातो.

शेवटची चूक ताजी आहे, गेल्या महिन्यातली. मामाकडेच वायफायवरूनच सेटिंग बदलत होतो (वायरनं करायचं असतं, माहीत असून), राउटरमधून बाहेर पडलो, परत आत जाता येईना, म्हणून सरळ टाचणीनं रीसेट दाबला. दहा सेकंद, सगळे दिवे लुकलुकले, आणि मग आठवलं की नेटवाल्याचा पीपीपीओई (नेट जोडायचा) युजरनेम-पासवर्ड त्याच्यातच होता, कुठेच लिहून नव्हता. रविवार संध्याकाळ, नेटवाल्याचं ऑफिस बंद, मामीची सिरीयल साडेआठला. त्या रात्री मला तिथे जेवायला कोणी थांब म्हणालं नाही.